कमाशऽ, क्रावातऽ आणि कंठलंगोट

रुमानियन भाषेत टायला 'क्रावातऽ' म्हणतात. शेवटचा 'त' पूर्ण म्हणायचा, पण त्याचा 'ता' होऊ द्यायचा नाही. 'ता' झाला की अर्थ बदलला! 'क्रावातऽ' म्हणजे कुठलीही एक टाय, आणि 'क्रावाता' म्हणजे ती टाय, जिच्याबद्दल आपलं बोलणं चाललं होतं ती. इंग्रजीत नामाच्या आधी जे 'द' लागतं, ते या लोकांनी नामाच्या शेपटीला बांधून टाकलंय. पापिओन म्हणजे बो टाय, 'पापिओनुल' म्हणजे तो बो टाय. कोस्तुम म्हणजे सूट, 'कोस्तुमुल' म्हणजे तो सूट.

नोकरीच्या निमित्ताने मी अडीच वर्षं क्लुजमध्ये होतो. एका सहकाऱ्याच्या लग्नाचं आमंत्रण आलं, सूट शिवायची वेळ आली, आणि माझा अर्धा शब्दसंग्रह शिंप्याच्या दुकानातच तयार झाला. उरलेला अर्धा शब्दकोश चाळून. (परदेशात एकटा माणूस रविवारी दुसरं काय करणार!)

आता हे आजच का आठवलं? तर आमचे एक काका. ते हे वाचणार आहेत, तेव्हा जरा जपून लिहितो. गेल्या महिन्यात त्यांनी घरच्या व्हॉट्सॅप गटावर एक लांबलचक निरोप टाकला. मराठी माणूस पायापासून गळ्यापर्यंत इंग्रजीत बुडालाय. शूज, सॉक्स, पँट, बेल्ट, शर्ट, टाय, अंगावर एक मराठी शब्द उरलेला नाही. तेव्हा उद्यापासून घरात सॉक्सना मोजे, पँटला विजार, शर्टला सदरा आणि टायला कंठलंगोट म्हणायचं. खाली सगळ्या भावंडांचे अंगठे. माझा अंगठा तेवढा आला नाही, हे काकांच्या लक्षात आलं आणि त्यांनी कारण विचारलं. कारण व्हॉट्सॅपवर मावणारं नव्हतं, म्हणून इथे.

काका, माझं म्हणणं असं, की कपड्यांचे शब्द फर्मानाने येत नाहीत आणि फर्मानाने जातही नाहीत. कपडा येतो तेव्हा त्याचा शब्द येतो. कपडा गेला की शब्दही मागोमाग जातो. हे रुमानियात जितकं लख्ख दिसतं, तितकं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

अंगाला चिकटलेल्या कपड्यापासून सुरुवात करू. शर्टला 'कमाशऽ' म्हणतात. हा थेट लॅटिनमधला 'कामिसिया'. रोमन सम्राट त्राजानने इ.स. १०६ मध्ये दाकिया जिंकला, तिथली लॅटिन बोली घासत-पुसत आजची रुमानियन झाली, आणि तिच्यातला हा वारशाने आलेला शब्द. तोच लॅटिन शब्द पूर्वेला गेला, अरबीत 'कमीस' झाला आणि आपल्याकडे कमीज होऊन उतरला. म्हणजे क्लुजच्या शिंप्याची कमाशऽ आणि आपली सलवार-कमीजमधली कमीज चुलतबहिणी. आणि शुद्ध शुद्ध म्हणून ज्याचा अभिमान धरावा, तो लॅटिन शब्दसुद्धा रोमनांनी उत्तरेकडच्या टोळ्यांकडून उचललेला, असं मानतात! तिकडे एक म्हण आहे: कमाशऽ ही सुमानपेक्षा जवळची. सुमान म्हणजे शेतकऱ्यांचा जाड लोकरी डगला. अर्थ तोच, की आपलं माणूस ते आपलं. मला मात्र ती म्हण भाषेलाही लागू वाटते. अंगाला जो कपडा जवळचा, त्याचा शब्द जुना.

टायच्या गाठीला 'नोद' म्हणतात, टायच्या पिनेला 'आक दे क्रावातऽ', म्हणजे टायची सुई. नोद आणि आक दोन्ही लॅटिन वारशातले. टाय परकी पण गाठ घरची. आपलंही तसंच आहे की. टाय म्हणतो, पण गाठ 'गाठ'च मारतो.

त्यावरचा थर स्लाव्ह शेजाऱ्यांचा. कपडा या सामान्य अर्थाचा 'हाय्नऽ' तिकडून आलेला, आणि कापड बेतणारा 'क्रोइतोर' म्हणजे शिंपी, त्याचाही धातू स्लाव्ह.

मग येतात तुर्क आणि ग्रीक. इथे थोडं थांबायला हवं.

अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला वालाकिया आणि मोल्दाविया ही दोन संस्थानं तुर्की सुलतानाची मांडलिक होती. १८२१ पर्यंत तर सुलतान इस्तंबूलच्या फनार मोहल्ल्यातल्या ग्रीक घराण्यांतून तिथले राजे नेमून पाठवत असे. बुखारेस्तचा बडा जमीनदार, म्हणजे बोयार, याच्या अंगावर तेव्हा काय असे? खाली शाल्वार, वर 'आंतेरिउ' नावाचा लांब झगा, त्यावर 'जुब्या', कमरेला शाल आणि डोक्यावर 'इश्लीक' नावाची अवाढव्य टोपी. जितका बोयार मोठा तितकी इश्लीक मोठी. शाल्वार म्हणजे सलवार, हे सांगायला नकोच. जुब्या म्हणजे अरबी जुब्बा, हिंदीतला जुब्बा तोच, आणि आपल्याला आपला झब्बा आठवल्याशिवाय राहत नाही. पेशवाईतला एखादा दरबारी आणि बुखारेस्तचा बोयार समोरासमोर आले असते, तर दोन-चार कपड्यांची नावं त्यांना दुभाष्याशिवाय कळली असती.

आणि मग तीस-चाळीस वर्षांत हे सगळं गेलं. १८०६ ते १८१२ आणि पुन्हा १८२८ ते १८३४ रशियन सैन्य तिथे तळ देऊन होतं, आणि त्यांचे अधिकारी पश्चिमी कपड्यांत. १८२९ च्या एदिर्नेच्या तहानंतर काळ्या समुद्रावरचा व्यापार खुला झाला. बड्या घरची मुलं पॅरिसला शिकायला जाऊ लागली. आधी बायकांनी कपडे बदलले, मग तरुणांनी. म्हातारे इश्लीक धरून बसले. नव्या कपड्यांना लोक 'नेम्चेश्त' म्हणत, म्हणजे जर्मन. पश्चिमेकडून आलं ते सगळं जर्मन, जसा आपल्याकडे गोरा दिसला की साहेब. (हा 'च' आपल्या चमच्यातला. इंग्रजांना तो लिहायला दोन अक्षरं लागतात, रुमानियन लोकांना 'ट' खाली शेपूट लावावं लागतं. आपल्याला काहीच करावं लागत नाही :) )

तरुण लोक जुन्या वळणाच्या म्हाताऱ्यांना 'तोम्बातेरऽ' म्हणून चिडवत. म्हातारे त्या पॅरिसहून परतलेल्या पोरांना 'बोंझुरिस्त' म्हणत, कारण पोरं येता-जाता बोंझूर म्हणत. पण खरी गंमत पुढे आहे. 'बोंझूर' हे नंतर एका कपड्याचंच नाव झालं! लांब पल्ल्याचा, काळा, समारंभाला घालायचा कोट. 'नमस्कार' नावाचा कोट म्हणा ना. आज तो कोटही नाही आणि त्या अर्थाने तो शब्दही नाही. शब्दकोशात तेवढा जुन्याचा शिक्का मारून ठेवलाय.

हा बदल एकाच घरात पाहायचा असेल तर गोलेस्कु घराणं पाहावं. दिनिकु गोलेस्कु हा बोयार १८२४ ते १८२६ या काळात युरोप हिंडला. त्याचं प्रवासवर्णन १८२६ साली बुदा शहरात छापलं गेलं. माणूस विचाराने नवा, शाळा काढणारा, पण पेहराव जुन्या बोयाराचा. आणि त्याची मुलं? १८४८ च्या क्रांतीत पुढे असलेली, युरोपी कोटातली. बाप आणि मुलगे, मधे फक्त एक पिढी.

आता मुद्द्याचं. आंतेरिउ, जुब्या, इश्लीक हे शब्द आज रुमानियात कुणी रोजच्या बोलण्यात वापरत नाही. ते नाटकात भेटतात, ऐतिहासिक कादंबरीत भेटतात, संग्रहालयातल्या काचेखालच्या पाटीवर भेटतात. त्यांना कुणी हाकललं? कुणीच नाही. कपाटातून झगा गेला, त्याच्या मागे शब्द गेला. पण तुर्कीतूनच आलेला 'च्योराप', म्हणजे मोजा, तो मात्र आजही घरोघर आहे. (हिंदीतलं 'जुराब' त्याच घराण्यातलं.) कारण मोजे घालणं काही कुणी सोडलं नाही. खिशाला 'बुझुनार' म्हणतात, तो ग्रीकांच्या बाजूने आलेला. तेव्हा आजचा नवरदेव फ्रेंच नावाचा सूट घालतो, त्याला ग्रीक नावाचा खिसा असतो, त्या खिशात फ्रेंच नावाचा रुमाल असतो, पायात तुर्की मोजे, आणि त्यावर जर्मनकडून घेतलेले 'पांतोफ', म्हणजे बूट. त्याला यातलं काहीही टोचत नाही.

बरं, हाकलायचा प्रयत्न झालाच नाही असंही नाही. १८६० च्या सुमारास रुमानियन भाषेने सिरिलिक लिपी सोडून रोमन लिपी घेतली, म्हणजे भाषेनेही पोशाख बदलला. मग काही पंडितांना वाटलं, आता शब्दही धुऊन घेऊ. लाउरियान आणि मास्सिम या दोघांनी १८७० च्या दशकात एक भला मोठा शब्दकोश केला. लॅटिन कुळीचे शब्द मुख्य खंडांत, आणि स्लाव्ह, तुर्की, ग्रीक, हंगेरियन वगैरे कुळीचे एका वेगळ्या खंडात, जणू त्यांची पंगतच वेगळी. हेतू उघड होता, की हे शब्द पुढेमागे भाषेतून काढायचे. झालं काय, तर शब्दकोशाची टर उडाली आणि ती चळवळ तिथेच बसली. तुर्की झग्यांचे शब्द त्याआधीच शिंप्यांनी घालवले होते, आणि मोज्याचा शब्द पंडितांना घालवता आला नाही. मला वाटतं, या एका वाक्यात माझा सगळा लेख आला. पण अजून बरंच सांगायचंय.

शुद्धीची आणखी एक तऱ्हा तिकडे सांगतात, ती म्हणजे बाहेरचं काहीच नको, घरच्याच धातूंतून शब्द पाडू. या तऱ्हेची थट्टा करायला एक शब्द अजून हमखास काढला जातो: 'गतलेगउ'. 'गत' म्हणजे गळा, 'लेगा' म्हणजे बांधणे. गळबांध्या! रुमालाला त्याच चालीवर 'नास-सुफ्लउ', म्हणजे नाक-शिंकऱ्या. हा गतलेगउ मी पहिल्यांदा ऐकला आणि खुर्चीतून पडायचा राहिलो. कारण हा तर आपला कंठलंगोट! दोन भाषा, मधे हजारो मैल, आणि टायसाठी दोघींनी घडवलेला विनोद एकच. समोरच्याला वाटलं, मला उच्चाराचं हसू आलं. त्याला कंठलंगोट समजावून सांगायला आधी लंगोट समजावून सांगावा लागला, आणि ते काम हातवारे केल्याशिवाय जमलं नाही.

कंठलंगोट हा शब्द मी टाय बांधणाऱ्याच्या तोंडून कधी ऐकलेला नाही. टाय बांधणाऱ्याला हसणाऱ्याच्या तोंडून मात्र पुष्कळदा ऐकलाय. काका, तुमच्या यादीतला हा एक शब्द मला म्हणूनच खटकला. ज्या शब्दाचा जन्मच चेष्टेतला, त्याला रोजच्या कामाला कसं जुंपणार?

इथवर सगळं माझ्या बाजूचं झालं. आता एक गोष्ट काकांच्या बाजूची.

रुमानियनमध्ये टायला खरोखरच एक घरचा शब्द होता. घडवलेला नव्हे, रोजच्या वापरातला: 'लेगतूरऽ दे गत', म्हणजे गळ्याचं बंधन. मुळातून लॅटिन. कारागियाले हा त्यांचा मोठा नाटककार, त्याचं १८७९ साली रंगभूमीवर आलेलं प्रहसन आहे, नावाचा अर्थ 'एक वादळी रात्र'. त्यातला नायक बुखारेस्तचा लाकडाचा व्यापारी, नागरी दलात कॅप्टन, आणि घराण्याच्या अब्रूबद्दल अतिशय हळवा. बायकोवर नजर ठेवायला त्याने आपला विश्वासू कारभारी नेमलाय, आणि तोच तिचा प्रियकर आहे. रात्रभर गोंधळ होतो, भलताच माणूस पकडला जातो, सगळं मिटतं. आणि अगदी शेवटी नवऱ्याला बायकोच्या उशीवर एक पुरुषाची टाय सापडते. तो हादरतो. कारभारी ती हातात घेतो आणि सांगतो, ही तर माझीच, ओळखली नाहीत का? नवऱ्याचा जीव भांड्यात पडतो. बस्स, पडदा.

नाटकात त्या टायला 'लेगतूरऽ' म्हटलंय. या शब्दाचा दुसरा अर्थ नातं, संबंध, आणि चोरटा संबंधसुद्धा. म्हणजे नवऱ्याच्या हातात जी वस्तू आहे, तिचं नावच त्याला जे दिसत नाही ते आहे. 'क्रावातऽ' वापरली असती तर हे झालं नसतं. तिथे नवरा नुसती टाय धरून उभा राहिला असता. आजच्या रुमानियन प्रेक्षकाला टाय म्हटल्यावर क्रावातऽच आठवते, लेगतूरऽ नाटकापुरती उरलीय. हे नुकसानच, आणि ते मी नाकारणार नाही.

पण घरचा शब्द असूनही तो का हरला? मला सुचतं ते असं. गळ्याभोवती बांधलेलं काहीही लेगतूरऽ होऊ शकतं. दुकानाच्या काचेत लटकणारी, खास लांबीची, खास गाठीची, खास प्रसंगाची जी वस्तू, तिला तिचं एकटीचं नाव हवं होतं. फ्रेंच शब्दाला दुसरा कुठला अर्थ चिकटलेला नव्हता. तो मोकळा होता. आपल्याकडेही गळपट्टा होताच की. पण गळपट्टा म्हटलं की थंडी, खोकला आणि सुंठ आठवते. मुलाखत आठवत नाही.

क्रावातऽचा प्रवासही ऐकण्यासारखा आहे. फ्रेंचांनी तो शब्द क्रोएशियन लोकांच्या नावावरून केला. सतराव्या शतकात फ्रान्सच्या राजाच्या पदरी क्रोएशियन भाडोत्री स्वार होते, ते गळ्याला कापड गुंडाळत. पॅरिसला ते आवडलं. आता नकाशा पाहा. क्रोएशिया आणि रुमानिया यांच्यामध्ये एक सर्बिया, एवढंच. शेजारच्या गल्लीतला गळ्यातला रुमाल पॅरिसला जाऊन, तिथून उंची माल म्हणून परत आला, आणि गल्लीतल्या कुणी त्याला ओळखलंही नाही.

याहून लांबचा फेरा जाकिटाचा. तुर्कीत बिनबाह्यांच्या बंडीला 'येलेक' म्हणतात. हा शब्द सरळ रुमानियनमध्ये आला आणि 'इलीक' झाला, म्हणजे खेडुतांची भरतकाम केलेली बंडी. तोच येलेक दुसऱ्या वाटेने स्पॅनिशमध्ये गेला, स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये 'झिले' झाला, रशियनांनी त्याला शेपूट जोडून 'झिलेत्का' केलं, आणि रशियनमधून तो रुमानियात पुन्हा उतरला: 'झिलेत्कऽ', सुटाच्या आतलं जाकीट. एकच पाहुणा एकाच घरी दोनदा आला, एकदा धोतरात आणि एकदा सुटात, आणि घरच्यांनी दोन वेगळी माणसं समजून दोघांना जेवायला वाढलं. यातला देशी कोण आणि परका कोण, हे कुणी मला सांगावं.

बाकीच्यांबद्दल फार बोलत नाही. सुटाच्या कोटाला 'साको' म्हणतात (लिहिताना शेवटी एक 'उ' असतो). शब्द जर्मन, पण शेवट असा केलाय की फ्रेंच वाटावा. टक्सिडोला 'स्मोकिंग', जो अर्थ इंग्रजांना कळत नाही. पण आपणही पुढाऱ्यांच्या त्या एका रंगाच्या जोडीला 'सफारी' म्हणत होतोच, आणि त्या सफारीने जंगल कधी पाहिलं होतं? कडक गोल टोपीला 'गाम्बेतऽ', गाम्बेत्ता या फ्रेंच पुढाऱ्याच्या नावावरून. गांधी टोपीवाल्यांना त्यात नवल वाटू नये.

मात्र एका क्रावातऽबद्दल सांगायलाच हवं. माझ्या ऑफिसात पन्नाशीतल्या एक बाई होत्या. टायच्या गप्पा निघाल्या तेव्हा त्या म्हणाल्या, माझी पहिली क्रावातऽ लाल होती. कम्युनिस्ट राजवटीत शाळकरी मुलांची 'पायोनियर' संघटना होती, १९४९ ते १९८९. गळ्यात लाल त्रिकोणी रुमाल, कडेला निळा-पिवळा-लाल झेंड्याचा पट्टा. तो रुमाल म्हणजे क्रावातऽ. संघटनेचा नमुना सोव्हिएत, रुमालही सोव्हिएत धर्तीचा. रशियनमध्ये त्याला 'गाल्स्तुक' म्हणतात, तोही जर्मनांच्या 'गळ्याच्या कापडा'वरून घेतलेला. पण रुमानियात मॉस्कोचा शब्द आला नाही. पॅरिसच्या बाबू लोकांचा जुना शब्दच त्या लाल रुमालाला द्यावा लागला, कारण तोवर तो परका राहिलाच नव्हता. बाई म्हणाल्या, समारंभात तो बांधला तेव्हा अभिमान वाटला होता, आणि १९८९ च्या डिसेंबरनंतर तो कुठे गेला ते आठवत नाही. पुढे काही बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

काकांचा खरा धसका अर्थात जुन्या शब्दांचा नाही, आजच्या लोंढ्याचा आहे. तोही तिकडे आहेच. बुखारेस्तच्या काचांवर 'स्लिम फिट' आणि 'ड्रेस कोड' असतं. २००४ साली तर कायदाही झाला (क्रमांक ५००), की सार्वजनिक ठिकाणी परभाषेतला मजकूर लिहिला तर सोबत रुमानियन द्यावं. पाट्यांवर तो जमेल तिथे पाळला गेला. बोलण्यात ड्रेस कोड तसाच. पण मला तिथली एक बारीक सोय फार आवडली. ज्या शब्दाचं शेवटचं अक्षर उच्चारात येत नाही, अशा पाहुण्या शब्दाला त्यांचं ते शेपटीचं 'द' लावताना मधे एक आडवी रेघ काढतात: ड्रेस कोड-उल. पचलेल्या शब्दाला रेघ लागत नाही. ब्लू जीन्सचं त्यांनी 'ब्लुजी' केलं आणि त्याची रुमानियन अनेकवचनं, विभक्त्या सुरू झाल्या. नियम स्पेलिंगचा आहे, पण मला ती रेघ उंबऱ्यासारखी दिसते. पाहुणा उंबऱ्यावर आहे की माजघरात पोचला, ते कळतं.

आपला उंबरा म्हणजे सामान्यरूप. शर्टाची बटणं, कोटाच्या खिशात, बुटाला पॉलिश. 'शर्टाची' म्हटलं की शर्ट मराठी झाला, त्याची जन्मपत्रिका कुणी मागू नये. ज्याला आपण 'कोटाच्या' ऐवजी 'कोटच्या' म्हणू लागतो, तिथे मात्र मलाही काळजी वाटते, काकांइतकीच.

आणि काका, तुमच्या यादीतले शब्द तरी पाहा. विजार मूळची अरबी इजार. मोजा फारसी. सदरा अरबीतल्या छातीच्या शब्दावरून. खिसा फारसी. जे शब्द खरंच आपले होते, म्हणजे पागोटं, उपरणं, अंगरखा, बाराबंदी, त्यांतला एकही इंग्रजीने हिसकावून नेला नाही. आपण ते कपडे घालायचं सोडलं. तुमच्या वडिलांचं पागोटं ट्रंकेत आहे, तुम्हीच मला एकदा दाखवलं होतंत, आणि ते बांधायचं कसं हे घरात कुणालाच येत नाही. महापौर, दिनांक हे सावरकरांचे शब्द रुजले, कारण ते कचेरीतले होते. तिथे हुकूम चालतो. आरशासमोर हुकूम चालत नाही.

कपडा गेल्यावर शब्द टिकायची एकच वाट मला दिसते. तो दुसऱ्या कामाला लागला पाहिजे. रुमानियन शेतकऱ्यांची चामड्याची साधी पायताणं, 'ओपिंकऽ', आता पायात दिसत नाहीत. पण 'बिशपपासून ओपिंकऽपर्यंत' म्हणजे झाडून सगळे लोक, हे अजून म्हणतात. आपली पगडी डोक्यावरून उतरली आणि मुंबईच्या चाळीत खोली घेताना मोजावी लागली. कशी का होईना, टिकली तर खरी.

आता उरला एक प्रश्न, आणि तो रुमानियन लोकांनी केव्हाच सोडवून टाकलाय. त्यांच्याकडेही आपल्यासारखी तीन लिंगं आहेत, आणि क्रावातऽ निर्विवाद स्त्रीलिंगी आहे. आमच्या घरात मात्र बाबांकडचे सगळे 'टाय बांधला' म्हणतात आणि आईकडचे 'टाय बांधली'. मी वर सगळीकडे 'ती टाय' लिहिलंय, म्हणजे मी कुणाच्या वळणावर गेलो ते उघडच आहे. तुमच्याकडे काय म्हणतात, ते कळवा. कुणाकडे 'ते टाय' असेल तर जरूर कळवा.